अतिदक्षतेचें शिक्षण आणि डॉ. पीटर साफर

इ. स. २०२० व २०२१ ह्या दोन सालांत जे परकीय शब्द आपल्या मराठी घरांत शिरले, त्यांत 'व्हेंटिलेटर' हा एक होय. त्यापूर्वीं हा शब्द डॉक्टरांच्या व अत्यवस्थ रोग्यांच्या आप्तेष्टांच्याच तोंडीं असे. त्या दोन वर्षांत तो पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही तोंडीं आला. अमक्या जिल्ह्यास इतकीं यंत्रें मिळालीं, तमक्या तालुक्यास तितकीं पोंचलीं, हे आंकडे आम्ही रोज वर्तमानपत्रांत वाचीत होतों, आणि आपल्या गांवच्या वांट्यास शेजारच्या गांवाहून चार यंत्रें कमी आलीं म्हणून हळहळतही होतों. परंतु पुढें निराळ्या तऱ्हेच्या बातम्या कानीं येऊं लागल्या. यंत्र आलें आहे, पण तें चालवावयास कोणी नाहीं. खोकें फोडलें आहे, पण नळी कोणी घालावी हा प्रश्न आहे. ज्या वस्तूस आपण सर्वांनीं संजीवनी मानलें ती नुसती एक पेटी आहे, आणि तिच्याशेजारीं रात्रभर जागणारा जाणता मनुष्य नसेल तर ती रोग्यास तारण्याऐवजीं मारूंही शकेल, ही गोष्ट तेव्हां कोठें लोकांच्या ध्यानांत आली.

इंग्रजींतील 'इंटेन्सिव्ह केअर' ह्या शब्दास 'अतिदक्षता' हा प्रतिशब्द ज्या कोणी योजिला, त्याचे आम्ही ऋणी आहों. मूळ शब्दांत उपचाराच्या तीव्रतेकडे बोट आहे. मराठी शब्दांत उपचार करणाऱ्याच्या जागेपणाकडे आहे. भाषांतरें बहुधा मुळाहून उणीं उतरतात, पण हें एक मुळाहून सरस उतरलें. दक्षता हा यंत्राचा गुण नव्हे. ती माणसाच्या अंगीं यावी लागते, आणि ती आपोआप येत नाहीं, शिकवावी लागते. ती कोणास शिकवावी, किती शिकवावी आणि कोणाच्या हातीं ठेवावी, ह्या तीन प्रश्नांवर ज्या गृहस्थानें आपलें अर्धें आयुष्य वेंचलें, त्याची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. गृहस्थाचें नांव डॉ. पीटर साफर.

मात्र साफर ह्यांच्याकडे वळण्यापूर्वीं क्षणभर डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें जावें लागेल, कारण ह्या विद्येची पहिली शाळा तेथें भरली. १९५२ च्या उन्हाळ्यांत त्या शहरांत पोलिओची भयंकर सांथ उसळली. ह्या रोगांत पुष्कळांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत आणि रोगी शुद्धीवर असतांना गुदमरून मरत. ब्लेगडॅम रुग्णालयांत अशा रोग्यांसाठीं एक लोखंडी फुप्फुस आणि छातीस बांधावयाचीं सहा लहान यंत्रें, एवढाच सरंजाम होता. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडलेल्या ३१ रोग्यांवर उपचार झाले, त्यांपैकीं २७ दगावले. अखेर रुग्णालयाच्या प्रमुखांनीं नाइलाजानें एका भूल देणाऱ्या डॉक्टरास बोलाविलें. त्यांचें नांव ब्यॉर्न इब्सेन. (आमच्या नाट्यप्रिय वाचकांनीं घोंटाळा करूं नये, नाटककार इब्सेन तो निराळा.) शस्त्रक्रियेच्या वेळीं बेशुद्ध माणसाचा श्वास हातानें चालवितां येतो, तर मग तो येथें कां चालवितां येऊं नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. २७ ऑगस्ट रोजीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यास छिद्र पाडून त्यांत नळी बसविली, नळीस रबरी पिशवी जोडली, आणि इब्सेन ती हातानें दाबूं लागले. मुलगी प्रथम इतकी धडपडली कीं, जमलेले डॉक्टर एकेक करून निघून जाऊं लागले. इब्सेन ह्यांनीं औषध देऊन तिची धडपड थांबविली. मग पिशवी चालूं लागली, आणि मुलगी जगली.

परंतु एक मुलगी जगली म्हणून सांथ थांबत नाहीं. एके वेळीं सत्तर रोग्यांचा श्वास हातानें चालवावा लागे, असे दिवस आले. इतकीं यंत्रें जगांत कोठेंच तयार नव्हतीं. तेव्हां वैद्यकाचे विद्यार्थी बोलाविण्यांत आले. सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें खाटेच्या उशाशीं बसले आणि त्यांनीं मिळून १ लक्ष ६५ हजार तास ती पिशवी दाबली. श्वास अडलेल्या दहांपैकीं जवळजवळ नऊ रोगी मरत होते, तें प्रमाण निम्म्याच्याही खालीं आलें. इतिहासकार येथें कृत्रिम श्वसनयंत्राचा उगम पाहतात, आणि तें खरेंच आहे. परंतु आम्हांस त्या चित्रांत दिसतो तो उशाशीं बसलेला वीस वर्षांचा पोरगा. त्यास कांहीं तासांपूर्वीं पिशवी कशी धरावी हेंही ठाऊक नव्हतें. रोग्याच्या चेहऱ्याचा रंग, कपाळावरचा घाम आणि त्याचे डोळे पाहून तो आपल्या हाताची गति कमीजास्त करावयास शिकला. सांथ ओसरली तेव्हां ते विद्यार्थी आपापल्या पुस्तकांकडे परत गेले, आणि त्यांच्या हातांना आलेली विद्या कोणत्याही अभ्यासक्रमांत लिहिली गेली नव्हती.

तिला अभ्यासक्रम मिळवून देणारे साफर १२ एप्रिल १९२४ रोजीं व्हिएन्ना येथें जन्मले. वडील नेत्रवैद्य, आई बालरोगांची डॉक्टर. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळला आणि ह्या सुखी घराचे दिवस फिरले. आईच्या कुळांत ज्यू रक्त होतें म्हणून तिची नोकरी गेली. वडिलांनीं पक्षापुढें मान वांकविली नाहीं म्हणून त्यांचीही गेली. पोराच्या हातीं फावडें देऊन त्यास खंदक खणावयास धाडण्यांत आलें. पुढें सैन्यांत भरतीचें बोलावणें आलें, तेव्हां त्यानें युक्ति केली. अंगावर लहानपणापासून इसब होतें. क्षयाच्या चाचणीसाठीं वापरतात तें मलम लावून त्यानें तें मुद्दाम चिघळविलें, आणि हिटलरच्या सैन्यास अशी कातडी नको झाली. ह्या प्रसंगाकडे कोणी केवळ लबाडी म्हणून पाहूं नये. आयुष्यभर ज्यानें अधिकाऱ्यांच्या 'नाहीं'ला उत्तरें शोधिलीं, त्याचें हें पहिलें उत्तर होतें.

१९४८ सालीं डॉक्टर होऊन पुढल्या वर्षीं ते अमेरिकेस गेले. येल येथें शस्त्रक्रिया शिकत असतां त्यांचें लक्ष रोग्याच्या पोटाकडून त्याच्या उशाकडे गेलें, आणि फिलाडेल्फिया येथें त्यांनीं भूलशास्त्राचा अभ्यास केला. मध्यंतरीं परवान्याच्या भानगडीमुळें पेरू देशांत लिमा येथें जाऊन तेथील कर्करोगाच्या रुग्णालयांत त्यांनीं भुलीचा विभाग उभा केला. तेथून परत आल्यावर बाल्टिमोर येथील म्युनिसिपालिटीच्या रुग्णालयांत ते भूलविभागाचे प्रमुख झाले. हें गरिबांचें रुग्णालय होतें. भूल देणारा मनुष्य म्हणजे शस्त्रवैद्याचा मदतनीस, असाच तेव्हां सर्वत्र समज असे. आणि आपल्याकडे तो अजून पुरता गेलेला नाहीं, हें येथें सांगून टाकलेलें बरें.

१९५६ सालीं कॅन्सस सिटी येथें भूलतज्ज्ञांची परिषद झाली. परत येतांना साफर ह्यांनीं आपल्या मोटारींत डॉ. जेम्स एलम ह्यांस जागा दिली. ह्या प्रवासांत जें बोलणें झालें त्याचे परिणाम आज जगांतल्या प्रत्येक पोहण्याच्या तलावाच्या कांठीं टांगलेल्या फलकावर दिसतात. त्या काळीं बुडालेल्या माणसाचा श्वास चालू करावयाचा म्हणजे त्यास पालथा घालून पाठ दाबावयाची आणि हात उचलावयाचे, ही रूढ रीत होती. सैन्यांत, शाळांत, बालवीरांच्या पथकांत तीच शिकवीत. एलम ह्यांचें म्हणणें असें कीं, आपण जो श्वास टाकतों त्यांत अद्याप शेंकडा सोळांच्या सुमारास प्राणवायु शिल्लक असतो, आणि तेवढा दुसऱ्यास जगविण्यास पुरतो. म्हणून तोंडानें सरळ रोग्याच्या तोंडांत फुंकावें. सुईणी हें पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या. परंतु सुईण करते तें शास्त्र नव्हे, अशी शास्त्राची ऐट असल्यामुळें तिकडे कोणी फारसें पाहिलें नव्हतें.

साफर ह्यांनीं तें पाहिलें, आणि असें पाहिलें कीं पुन्हां कोणास शंका राहूं नये. त्यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांस गुंगीचें औषध दिलें आणि क्यूरारे नांवाच्या विषानें त्यांचे स्नायू लुळे पाडले. हें विष दक्षिण अमेरिकेंतले शिकारी बाणास लावीत. असा मनुष्य स्वतः श्वास घेऊं शकत नाहीं. मग त्यावर जुनी रीत आणि नवी रीत, दोन्ही करून मोजमाप घेतलें. जुन्या रीतीनें पुष्कळांच्या फुप्फुसांत हवा जवळजवळ गेलीच नाहीं. बेशुद्ध माणसाची जीभ मागें पडून घसा बुजतो, मग पाठ किती का दाबा. डोकें मागें वांकवून हनुवटी वर उचलली कीं मार्ग मोकळा होतो. एवढी साधी गोष्ट! आणि ती ठाऊक नसल्यामुळें किती माणसें पालथीं घालून मारलीं गेलीं असतील, ह्याचा हिशेब करवत नाहीं. ह्या प्रयोगांत फुंकर घालणारे सर्वच डॉक्टर नव्हते. वैद्यकाचा गंध नसलेले लोक मुद्दाम आणले होते, कारण त्यांस हें जमतें कीं नाहीं हाच प्रश्न होता. त्यांस तें जमलें. असा प्रयोग आजची कोणतीही नीतिसमिति मान्य करणार नाहीं, आणि करूं नये हेंही खरें. परंतु त्याचें फळ आम्ही सर्वच खात आहों. १९५८ सालीं हे निबंध प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षीं बाल्टिमोरच्या त्या रुग्णालयांत साफर ह्यांनीं अत्यवस्थ रोग्यांसाठीं एक वेगळा विभाग उघडला. अशा रोग्यांस एके ठिकाणीं आणून ठेवण्याची कल्पना अगदींच नवी नव्हती. इब्सेन ह्यांनींही १९५३ च्या अखेरीस कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयांत तसा विभाग सुरू केला होता. साफर ह्यांच्या विभागाचा विशेष हा कीं, तेथें चोवीस तास डॉक्टर हजर असे. बोलाविला म्हणजे येणारा नव्हे, तेथेंच असणारा. सकाळीं फेरी घालून चिठ्ठी लिहून जाणाऱ्या मोठ्या डॉक्टरांची जी पद्धति सर्वत्र रूढ होती, तिला हा निमूटपणें दिलेला शह होता. जो रोगी दर पांच मिनिटांस बदलतो, त्याचा वैद्य दिवसांतून दोनदां येऊन कसें चालेल?

१९६० सालीं बाल्टिमोरमध्येंच जॉन्स हॉपकिन्स येथें तिघांनीं दुसरा शोध लाविला. त्यांतले कौवेनहोवेन हे वैद्यच नव्हते, विजेचे इंजिनियर होते. छाती न फाडतां वरूनच ठराविक रीतीनें दाबली तर थांबलेल्या हृदयांतून रक्त वाहतें ठेवतां येतें, असें त्यांनीं दाखविलें. साफर ह्यांनीं दोन्ही शोध जोडून इंग्रजी मुळाक्षरांत बसविले: ए म्हणजे हवेचा मार्ग, बी म्हणजे श्वास, सी म्हणजे रक्ताभिसरण. आमच्या मतें ह्या माणसाची खरी प्रतिभा येथें दिसते. शोध दोन्ही दुसऱ्यांनीं सुचविलेले. परंतु घाबरलेल्या माणसाच्या हातून घडेल अशा क्रमानें ते बसविणें, हें शिक्षकाचें काम होतें. २०१० सालीं अमेरिकन हृदयसंस्थेनें हा क्रम बदलून छाती दाबणें अगोदर घेतलें. अक्षरें फिरलीं, पण तीं तींच राहिलीं.

शिक्षकास पाटी लागते. नॉर्वेमधील स्टाव्हांगर गांवीं ऑस्मुंड लेर्डाल नांवाचे गृहस्थ खेळणीं व बाहुल्या तयार करीत असत. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा पूर्वीं बुडतां बुडतां वांचला होता. साफर ह्यांच्याशीं व नॉर्वेंतील भूलतज्ज्ञांशीं विचारविनिमय करून त्यांनीं माणसाएवढी बाहुली घडविली. तिचें डोकें नीट वांकविलें नाहीं तर फुंकर आंत जात नाहीं, आणि वांकविलें तर छाती वर उठते. पॅरिसच्या सीन नदींत सांपडलेल्या एका अनामिक तरुणीचा म्हणून जो मुखवटा यूरोपांत घरोघर भिंतींवर लागे, त्यावरून तिचा चेहरा घेतला. गेल्या साठाहून अधिक वर्षांत लक्षावधि विद्यार्थी ह्या चेहऱ्यावर जीव वांचविण्याचा धडा गिरवून गेले आहेत.

१९६१ सालीं साफर पिट्सबर्ग विद्यापीठांत भूलशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. साठाच्या दशकाच्या आरंभींच तेथें अत्यवस्थ रोग्यांच्या उपचाराचें रीतसर शिक्षण सुरू झालें. आधीं कोणत्या तरी शास्त्रांत तयार झालेला डॉक्टर येथें येई आणि पुढील काळ केवळ ह्या विभागांतच काढी. जगांत ह्या जातीचें जें पहिलें शिक्षण, त्यांत ह्याची गणना होते. आज हें वाचतांना त्यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. परंतु त्या वेळीं कल्पना अशी होती कीं, रोगी ज्या डॉक्टराच्या हातीं आला तोच त्याचा धनी. हृदयाचा रोगी हृदयवाल्यांचा, पोटाचा रोगी शस्त्रवैद्याचा. मरणाच्या दारीं सर्व रोग्यांची वाट एक होते. रक्तदाब पडतो, श्वास अडतो, लघवी थांबते, मग मूळ रोग कोणताही असो. त्या वाटेवरचा पहारेकरी निराळा असावा, आणि त्यानें सर्व शास्त्रांची थोडथोडी भाषा बोलावी, हें म्हणणें मोठमोठ्या विभागप्रमुखांस आवडण्याजोगें नव्हतें. १९६८ सालीं स्वीडनमधून डॉ. ओके ग्रेनविक पिट्सबर्गला आले. ह्या शिक्षणाचा रोजचा गाडा पुढें अनेक वर्षें त्यांनींच ओढला, आणि त्यांच्या हाताखालून शेंकडों डॉक्टर तयार होऊन देशोदेशीं गेले. साफर ह्यांचें नांव मोठें झालें, तें योग्यच झालें. पण पाया खणणारा आणि भिंत चढविणारा हे बहुधा निरनिराळे असतात, आणि भिंतीवाल्याची आठवण आपण कमी ठेवतों.

तिकडे लॉस एंजेलिस येथें डॉ. मॅक्स हॅरी वाइल हेही स्वतंत्रपणें ह्याच मार्गानें चालले होते. वाइल हे औषधवैद्य, साफर भूलतज्ज्ञ, आणि तिसरे डॉ. विल्यम शूमेकर हे शस्त्रवैद्य. ह्या तिघांच्या पुढाकारानें १९७० सालीं अत्यवस्थ रोग्यांच्या वैद्यकाची अमेरिकेंतील संस्था स्थापन झाली. तीन शास्त्रांचे तीन प्रतिनिधि एका पंक्तीस बसले खरे, परंतु त्यांच्या मागच्या मंडळांची पंक्ति कांहीं जमली नाहीं. ह्या विषयाची एकच परीक्षा असावी कीं प्रत्येक शास्त्राची निराळी, ह्यावर पुष्कळ वाद झाला, आणि ऐंशीच्या दशकांत अखेर निरनिराळ्या मंडळांनीं आपापल्या परीक्षा काढल्या. ज्या विद्येचा जन्मच भिंती पाडण्यासाठीं झाला, तिला अशा रीतीनें चार घरांत वांटून घेण्यांत आलें. आपल्या देशांत ह्या विषयाची संस्था १९९३ सालीं मुंबईस स्थापन झाली, आणि मुंबईचेच डॉ. फारोख उदवाडिया ह्यांनीं धनुर्वातासारख्या आपल्याकडील रोगांच्या अत्यवस्थ रोग्यांवर केलेलें काम व त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहेत. म्हणजे २०२० ची सांथ आली तेव्हां ह्या शिक्षणाचें आपल्याकडील वय तिशीच्याही आंतलें होतें.

१९६६ हें साल साफर ह्यांच्या आयुष्यांत फार वाईट आलें. त्यांची कोवळ्या वयाची मुलगी एलिझाबेथ हिला दम्याचा जबर झटका आला. तिचें हृदय व श्वास पुन्हां सुरू झाले, पण तोंवर मेंदू गेला होता. ज्या मनुष्यानें साऱ्या जगास श्वास व हृदय चालवावयास शिकविलें, त्याच्या घरीं तीं दोन्ही चाललीं आणि मूल मात्र परत आलें नाहीं. ह्यावर भाष्य करणें आम्हांस शोभणार नाहीं. त्यानंतर त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली, एवढें नमूद करतों. हृदयासोबत मेंदू कसा वांचवावा ह्या एका प्रश्नाच्या मागें ते लागले. १९७९ मध्यें त्यासाठीं त्यांनीं पिट्सबर्ग येथें स्वतंत्र केंद्र काढलें, आणि शरीर थंड करून मेंदूचें रक्षण होतें कीं काय ह्याचा शोध अखेरपर्यंत केला. २००२ सालीं यूरोप व ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांनीं ह्या कल्पनेस दुजोरा दिला. पुढें २०१३ व २०२१ सालच्या अधिक मोठ्या प्रयोगांनीं तो बराचसा काढून घेतला. शास्त्राचा न्याय असाच असतो, आणि साफर ह्यांनीं जुन्या पाठ दाबण्याच्या रीतीस लाविला तोही हाच होता.

त्याच १९६६ च्या नोव्हेंबरांत पिट्सबर्ग येथें एका राजकीय सभेंत पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स कोसळले. त्यांस पोलिसांच्या गाडींतून रुग्णालयांत आणलें. तेथें त्यांचें हृदय चालू झालें, परंतु शुद्ध आली नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं ते वारले. पोलिसांची गाडी कां, असें वाचक विचारतील. कारण त्या शहरांत रोगी नेण्याची व्यवस्थाच ती होती. ज्या गाडींतून दारूबाजास चौकीवर न्यावयाचें तिच्यांतूनच रोग्यास न्यावयाचें, आणि मागें त्याच्याजवळ बहुधा कोणी बसत नसे. साफर ह्यांच्या विभागांत जगांतले उत्तमोत्तम डॉक्टर तयार होत होते, पण विभागाच्या दारीं पोंचेपर्यंत रोग्याचा मेंदू मरत होता. अतिदक्षतेचा आरंभ खाटेपाशीं होत नाहीं, रस्त्यावर होतो, हें साफर पुष्कळ दिवसांपासून सांगत होते. पण रस्त्यावर डॉक्टर कोठून आणावयाचा? आणि डॉक्टर नव्हे तर ही विद्या कोणास द्यावयाची? छाती दाबणें हें सामान्य जनांस शिकवूंच नये, त्यांच्या हातून अपाय होईल, असें त्या वेळीं अमेरिकेंतल्या वैद्यकमंडळींचें मत होतें. सामान्य लोकांस तें शिकवावें असा अधिकृत निर्णय १९७३-७४ पर्यंत झाला नाहीं.

ह्या प्रश्नास साफर ह्यांनीं जें उत्तर दिलें, तें त्यांच्या साऱ्या कामगिरींत आम्हांस श्रेष्ठ वाटतें. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट नांवाच्या पेठेंत कृष्णवर्णी गरिबांची वस्ती होती. पोलिसांस बोलावण्यास ते लोक भीत, आणि बोलाविलें तरी गाडी येईल असा भरंवसा नसे. तेथें फ्रीडम हाउस नांवाची संस्था रोजगाराचें काम करी. फिल हॅलन हे एका धर्मादाय निधीचे चालक होते. त्यांच्या खटपटीनें ती संस्था व साफर ह्यांची गांठ पडली. १९६७ सालीं त्या पेठेंतले बेकार तरुण शिक्षणासाठीं घेण्यांत आले. कांहींजण व्हिएतनामच्या लढाईंतून परतलेले, कांहींजणांची शाळाही पुरी झालेली नव्हती. 'ह्यांना काय येणार' अशी शहराची समजूत होती. साफर ह्यांनीं त्यांच्यासाठीं सुमारें तीनशें तासांचा अभ्यासक्रम आंखला. शरीररचना, हृदय व श्वास चालविणें, रुग्णालयांतल्या विभागांतून प्रत्यक्ष काम, गाडी चालविणें, सर्व त्यांत होतें. गाडीही त्यांनीं निराळी आंखून घेतली: मागें रोग्याच्या डोक्याकडे मनुष्य बसेल एवढी जागा तींत हवी, हा त्यांचा हट्ट होता. उशाकडील ती जागा त्यांच्या आयुष्यांत पुन्हां पुन्हां येते.

पुढल्या वर्षीं ह्या गाड्या रस्त्यावर आल्या. ज्यांस शहर कामचुकार म्हणे ते तरुण आतां रस्त्यावर असे उपचार करूं लागले, जे तेव्हां अमेरिकेंतल्या बहुतेक शहरांत रुग्णालयाच्या दाराबाहेर मिळतच नसत. हिल डिस्ट्रिक्टच्या गरिबांस जी सोय होती ती शहराच्या श्रीमंत पेठांस नव्हती; तेथें अद्याप पोलिसांचीच गाडी येत होती. १९७४ च्या सुमारास अतिदक्षतेचें शिक्षण घ्यावयास आलेल्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ह्या तरुण बाईंस साफर ह्यांनीं ह्या पथकाचें वैद्यकीय प्रमुखपद दिलें. बाई खोलींत बसून प्रमुखपण करणाऱ्या नव्हत्या. त्या गाडींत बसून बरोबर जात, रात्रीं हजर राहत, चुका तेथेंच दाखवीत. विभागांत डॉक्टर चोवीस तास हजर असावा, हा जो बाल्टिमोरचा नियम, तो त्यांनीं गाडीस लाविला. ह्या पथकाच्या अनुभवांतून त्यांनीं जो अभ्यासक्रम तयार केला तो पुढें साऱ्या देशांतल्या रुग्णवाहिकेवरील लोकांच्या शिक्षणाचा आधार झाला, आणि त्यावरचें त्यांचें पाठ्यपुस्तक पिढ्यांनीं वाचलें.

परंतु पथक राहिलें नाहीं. १९७५ सालीं पिट्सबर्गच्या म्युनिसिपालिटीनें साऱ्या शहरासाठीं स्वतःची व्यवस्था काढली आणि ऑक्टोबरांत फ्रीडम हाउसच्या गाड्या थांबल्या. ह्या लोकांस नव्या खात्यांत सामावून घ्यावें म्हणून कॅरोलाइन ह्यांनीं खटपट केली. त्यांस घेतलें खरें, परंतु ज्यांनीं ही विद्या रस्त्यावर प्रथम चालविली त्यांस नव्यानें परीक्षा द्यावयास लाविलें, कांहींजणांस जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी दाखवून वगळलें, आणि जे राहिले त्यांचीं पथकें मोडून त्यांस त्यांच्याहून कमी जाणत्या गोऱ्या लोकांच्या हाताखालीं दिलें. कांहीं वर्षांत बहुतेक निघून गेले. शिक्षण देणें साफर ह्यांच्या हातीं होतें, तें त्यांनीं दिलें. तें कोणाच्या हातीं राहूं द्यावयाचें, हें त्यांच्या हातीं नव्हतें. त्यांच्या यशाच्या कथा सांगतांना हा भाग पुष्कळ वर्षें कोणी सांगत नसे. अमेरिकेंतही तो अलीकडेच लोकांस नीट कळूं लागला आहे.

साफर ३ ऑगस्ट २००३ रोजीं वारले. त्यांनीं काढलेलें संशोधनाचें केंद्र आज त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

फ्रीडम हाउसच्या लोकांपैकीं जे टिकून राहिले त्यांत जॉन मून हे एक होते. ते पूर्वीं एका रुग्णालयांत रोग्यांची ने-आण करणारे हरकामे होते. तेथें फ्रीडम हाउसचे लोक रोगी घेऊन येतांना त्यांनीं पाहिले आणि आपणही तसें व्हावें असें त्यांस वाटलें. म्युनिसिपालिटीच्या खात्यांत त्यांस प्रथम कोणी रोग्यास हात लावूं देईना. ते तेथेंच राहिले, चढत चढत त्या खात्याचे उपप्रमुख झाले, आणि २००९ सालीं निवृत्त झाले. त्यापूर्वीं त्यांनीं आपल्या पेठांतल्या पोरांस ह्या कामावर घेण्याचा उद्योग चालविला होता. त्यांत अमेरा गिलख्रिस्ट नांवाची एक मुलगी होती. २०२३ सालीं ती पिट्सबर्गच्या त्या साऱ्या खात्याची प्रमुख झाली.